घरात शिळं कोण खातं?

आज राजकारण नाही. महापालिका, सिंहस्थासाठी खोदलेले रस्ते, कांद्याचा भाव, सगळं बाजूला ठेवून जरा मोठं लिहितोय. ज्यांच्या घरात सून, लेक, बहीण, वहिनी, कोणीही दोन जिवांची आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. पुरुषांनी तर वाचाच, कारण आपल्याला यातलं काहीच माहीत नसतं. मलाही नव्हतं.

सुरुवात माझ्याच एका बातमीपासून करतो. वीसेक वर्षं होत आली. पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच तालुक्याला स्ट्रिंजर म्हणून लागलो होतो. निफाड तालुक्यातल्या एका गावात लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली. रात्री उशिरा दवाखान्यात पोचलो. व्हरांड्यात सतरंज्या टाकून माणसं झोपलेली, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधलेल्या. आकडा घेतला, सरपंचांची प्रतिक्रिया घेतली, बातमी फॅक्स केली. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन कॉलम आली. शेवटची ओळ मला अजून पाठ आहे : रुग्णांमध्ये एका गरोदर महिलेचा समावेश असून सर्वांची प्रकृती स्थिर आहे.

महिनाभराने त्या बाईचा दीर कात्रण मागायला आला. पेपरचं कात्रण जोडलं की सरकारी मदत मिळते असं कोणीतरी सांगितलेलं. मी विचारलं, आता कशाला मदत, सगळे घरी गेले ना? तो म्हणाला, "भाऊ, वहिनीचं सातव्यातच झालं. पोरगं पोटातच गेलं होतं." मधे दोन-चार दिवस कणकण होती, अंग दुखत होतं, कंबर भरून आली होती. गावातल्या मेडिकलमधून गोळी आणली, बरं वाटलं. मग पोटातली हालचालच थांबली. डॉक्टर काय म्हणाले? "होतं म्हणले असं कधी कधी." घरातले काय म्हणाले ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, अंदाज होता.

मी कात्रण दिलं. बातमी केली नाही. माझ्या दृष्टीने ती बातमी 'प्रकृती स्थिर'वर संपली होती. त्या बाईचं नावसुद्धा मी कधी विचारलं नाही.

आता लगेच सांगतो, ते त्या जेवणामुळेच झालं असं माझं म्हणणं नाही. लग्नातल्या विषबाधा बहुतेक वेळा अशा जंतूंच्या असतात की काही तासांत उलट्या-जुलाब, दोन दिवसांत माणूस घरी. त्या बाईचं नेमकं काय झालं ते आता कोणालाच कळणार नाही. रक्त कोणी तपासलं नाही, वार कोणी तपासली नाही, बाळ गावाकडे नेऊन पुरलं. मला टोचतं ते एवढंच की विचारलं कोणीच नाही. त्यात मीही आलो.

हे सगळं परत डोक्यात आलं कारण धाकट्या भावाची बायको सध्या गरोदर आहे, आणि तिच्या मोबाईलवर कुठून तरी आलेली 'गरोदरपणात काय खाऊ नये' ही यादी मी वाचली. त्यात होतं : मऊ चीज खाऊ नका, थंड मांसाचे काप खाऊ नका, धुरावलेला मासा खाऊ नका. आमच्या घरात यातलं काहीच कधी आलं नाही. सिन्नर-निफाडकडे कोणाच्या घरात येतं? ती म्हणाली, "दादा, म्हणजे मला काही धोकाच नाही!" आणि सकाळी गोठ्यावरून आणलेलं दूध पेल्यात ओतून तसंच, न तापवता प्यायली. आईनेच दिलेलं. धारोष्ण. वर केशराच्या दोन काड्या, बाळ गोरं व्हावं म्हणून. (आमच्या घरात पाच पिढ्यांत कोणी गोरं झालेलं नाही, तरी केशराचा खर्च चालू आहे.)

ती यादी परदेशातली आहे, पण तिच्यामागचा जंतू आपल्याकडेही आहे. त्याचं नाव लिस्टेरिया. शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायची पद्धत ज्यांनी सुरू केली त्या जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून ठेवलेलं. केंब्रिजला सशांमध्ये सापडलेल्या या जंतूचं पहिलं वर्णन १९२६ मध्ये छापून आलं. राहतो कुठे? मातीत, शेणात, सडक्या पाल्यात, सांडपाण्यात. म्हणजे आपल्या आजूबाजूला सगळीकडेच. धडधाकट माणसाच्या पोटात गेला तर बहुतेक वेळा काही होत नाही, फार तर दोन दिवस पोट बिघडतं. पण गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती बदलते, आणि हा जंतू आतड्यातून रक्तात आणि रक्तातून वारेपर्यंत पोचू शकतो. आईला साधा ताप, अंगदुखी, कंबरदुखी, कधी जुलाब. कधी तेवढंही नाही. आई बरी होते. बाळाचं मात्र गर्भपात, पोटात मृत्यू, वेळेआधी जन्म किंवा जन्मल्यावर रक्तात-मेंदूत जंतुसंसर्ग, असं काहीही होऊ शकतं.

याच्या दोन सवयी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. बाकीचे बरेचसे जंतू फ्रीजमध्ये जवळजवळ थांबतात, हा थांबत नाही, गारव्यात सावकाश वाढत राहतो. आणि खाल्ल्यापासून त्रास व्हायला कधी काही दिवस तर कधी कित्येक आठवडे लागतात. दोन महिन्यांच्याही पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. आता सांगा, आज ताप आला तर सहा आठवड्यांपूर्वी काय खाल्लं हे कोणाच्या लक्षात राहणार? आमच्यासारख्या बातमीदाराच्या तर नाहीच.

घाबरवायचं नाहीय. हा आजार दुर्मीळ आहे. ज्या देशांत नीट मोजदाद होते तिथेही वर्षाला दहा लाख लोकांमागे मोजकेच रुग्ण निघतात, पण गरोदर बाईला इतरांपेक्षा तो होण्याची शक्यता साधारण दहा पट धरतात. आपल्याकडे किती आहेत? तिथेच गाडी अडते, कारण मोजतच नाही.

मोजलं की काय होतं त्याचं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं आहे. २०१७ च्या मध्यावर जोहान्सबर्ग-प्रिटोरिया भागातल्या सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की नवजात बाळांत लिस्टेरियाचे रुग्ण जरा जास्तच दिसतायत. त्यांनी ते राष्ट्रीय संस्थेला कळवलं. डिसेंबरमध्ये सरकारने साथ जाहीर केली आणि हा आजार कळवणं सक्तीचं केलं. रुग्णांना विचारत बसले, महिनाभरात काय काय खाल्लं. जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोतल्या एका पाळणाघरातली नऊ पोरं जुलाब-तापाने दवाखान्यात आली. तपासणारे थेट पाळणाघरात गेले आणि तिथल्या फ्रीजमधला पोलोनी उचलला. पोलोनी म्हणजे तिथलं स्वस्तातलं तयार मांस, पावात घालून थंडच खातात. त्यावरून माग काढत ते एका मोठ्या कारखान्यापर्यंत पोचले आणि ४ मार्च २०१८ ला आरोग्यमंत्र्यांनी कारखान्याचं नाव घेऊन माल बाजारातून मागे घ्यायला लावला. एकूण १,०६० रुग्ण, किमान २१६ मृत्यू. रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त म्हणजे महिन्याच्या आतली बाळं. जगातली आजवर नोंदलेली सगळ्यात मोठी लिस्टेरियाची साथ.

दक्षिण आफ्रिका काही श्रीमंत देश नाही. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना "यंदा जरा जास्त दिसतायत" असं म्हणता आलं, कारण आधीच्या वर्षी किती होते ते त्यांच्याकडे लिहिलेलं होतं.

आपल्याकडे असा रुग्ण सापडला तर कळवाच अशी सक्ती नाही. अभ्यास अगदीच नाही असं नाही. गोव्यात, जुने गोवे इथल्या कृषी संशोधन परिषदेच्या संकुलात देशभरातल्या लिस्टेरियाच्या नमुन्यांचा संग्रह उभा राहिला. उत्तर भारतात गर्भपात झालेल्या बायकांच्या नमुन्यांतही हा जंतू सापडल्याचं शोधनिबंधात आलेलं आहे. गंमत बघा, यातलं बरंच काम पशुवैद्यकीय लोकांनी केलेलं आहे. बाईच्या दुखण्याची चौकशी जनावरांच्या डॉक्टरांनी केली.

आणि हे जरा नीट समजून घ्या, कारण आपण सगळे शेतकरीच. गोठ्यातली गाय गाभडली तर आपण काय करतो? पशुवैद्यकाला फोन करतो. तो विचारतो, कितव्या महिन्यात, आधी कधी झालं होतं का, दुसऱ्या गाईला झालं का, खाद्य बदललं का. रक्त घेतो. बाकीची जनावरं वेगळी बांधायला सांगतो. ब्रुसेला नावाचा जंतू हे करतो हे दूधवाल्या शेतकऱ्याला तोंडपाठ असतं. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना त्याची लस टोचतात. चांगलंच आहे ते. आता त्याच घरातल्या सुनेचा गर्भ गेला तर? दृष्ट लागली. ग्रहणात काहीतरी चिरलं असेल. पपई खाल्ली असेल. माहेरी गेली होती तेव्हाच काहीतरी झालं. ग्रहणाचे तीन तास तिला कोपऱ्यात बसवून ठेवतात, विळीला हात लावू देत नाहीत, पण गाभडलेल्या गाईखालचं उचलायला, गोठा झाडायला तिलाच पाठवतात. उघड्या हातांनी. ब्रुसेला त्यातून माणसाला होतो, निरशा दुधातूनही होतो, आणि माणसातही गर्भ जाण्याचं ते एक कारण आहे.

शेतकरी मित्रांसाठी आणखी एक. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे मक्याचा मुरघास वाढलाय. सिन्नर, येवला, निफाड, कुठेही जा, पिशव्यांच्या थप्प्या दिसतात. मुरघास उत्तमच. पण पिशवी फाटली, हवा गेली, वरच्या थराला बुरशी आली, आंबटपणा नीट उतरला नाही, तर त्यात लिस्टेरिया जोमाने वाढतो. जगभर गुरांत आणि शेळ्या-मेंढ्यांत हा आजार येतो तो बऱ्याचदा खराब मुरघासातून. जनावर गोल गोल फिरायला लागतं, मान एका बाजूला टाकतं, किंवा गाभडतं. आणि जनावर वरून ठणठणीत दिसत असतानाही जंतू दुधात येऊ शकतो, शिवाय शेणाचा हात, सडाची घाण, बादली, या वाटेने तर येतोच. वरचा काळा थर फेकून द्या, 'गुरं खातात' म्हणून ढकलू नका.

दुधाचं बोलायचं तर आपली एक जुनी गल्लत आहे. आपण शुद्ध आणि सुरक्षित एकच समजतो. पाणी नाही, युरिया नाही, पावडर नाही, डोळ्यासमोर पिळलं, म्हणजे झालं. दूधभेसळीच्या बातम्या आम्हीच इतक्या छापल्यात की लोकांना भेसळ सोडून दुसरा धोका दिसत नाही. एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभर दुधाची मोठी पाहणी केली, ६,४३२ नमुने. ९३ टक्के दूध पिण्यायोग्य, असा मथळा आम्ही सगळ्यांनी मोठा केला. त्या पाहणीत तपासलं होतं काय? स्निग्धांश, भेसळीचे पदार्थ, कीटकनाशकं, प्रतिजैविकं आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष. ती पाहणी भेसळ आणि रसायनांची होती. पण '९३ टक्के' वाचल्यावर घराघरात निष्कर्ष निघाला तो दूध चांगलं आहे असाच. तसंच २०२५ मध्ये बनावट पनीरवरून विधानसभा गाजली. पनीर दुधाचं की तेलाचं, यावर आठवडाभर चर्चा. ते पनीर कोणत्या पाण्यात बुडवून ठेवलंय, किती दिवस, सुरी कधी धुतली, यावर एक ओळ नाही. मी स्वतः पनीरवर दोन बातम्या केल्या, मीही हे विचारलं नाही. कायद्यात मात्र आहे : पनीरसारख्या दुग्धपदार्थाच्या २५ ग्रॅममध्ये घातक लिस्टेरिया असताच कामा नये. कागदावर नियम चांगला आहे. एफडीएने धाडीत किती किलो माल जप्त केला ते आम्हाला प्रेसनोटमध्ये कळतं. जंतूंसाठी किती नमुने तपासले आणि काय निघालं, हेही त्याच प्रेसनोटमध्ये द्या, एवढीच मागणी आहे.

पण दूध उकळलं की तो प्रश्न सुटतो. पातेलं वर येईपर्यंत उकळा, झालं. पिशवीचं पाश्चराइज्ड दूध ७२ अंशाला तापवलेलंच असतं, पण आपल्या दुकानात ते फ्रीजबाहेर किती वेळ पडलेलं असतं ते बघता तेही उकळा. खरवस वाफवलेला असतो, खा. घरचं दही उकळलेल्या दुधाचं असेल तर बिनधास्त. दूध हा सोपा भाग आहे.

अवघड भाग घरातलाच आहे. पोस्टचं नाव त्यावरूनच दिलंय.

तुमच्या घरात शिळं कोण खातं? खरं उत्तर द्या. रात्रीची भाजी उरली, सकाळी कोणाच्या ताटात जाते? नवऱ्याला डब्यात ताजी, मुलांना ताजी, सासऱ्यांना गरम भाकरी, सासूबाईंचा उपवास. सगळ्यांचं झाल्यावर सूनबाई बसते, तेव्हा गरम ते संपलेलं असतं आणि 'वाया कशाला घालवायचं' ते उरलेलं असतं. पोटुशी असली तरी हा नेम बदलत नाही. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतो, हॉल घेतो, फुलांचे दागिने, धनुष्यबाण, झोपाळा, पाच प्रकारची पक्वान्नं. फोटो काढतो. आणि दुसऱ्या दिवशी त्याच डोहाळजेवणाचं उरलेलं श्रीखंड, पनीरची भाजी, कोशिंबीर फ्रीजमधून काढून तीन दिवस तीच खाते. मी माझ्या घरात हे बघितलंय. माझ्या बायकोने दोन्ही वेळा असंच खाल्लं आणि मला ते आत्ता, हे लिहिताना आठवतंय. तेव्हा दिसलंच नव्हतं. आमचं नशीब चांगलं म्हणून काही झालं नाही.

पूर्वी शिळं म्हणजे सकाळचं संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी. फ्रीज आला आणि शिळं चार दिवसांचं झालं. आपल्या मनात असं बसलंय की फ्रीजमध्ये ठेवलं म्हणजे घड्याळ थांबलं. त्यात आमच्याकडे लाईट जाते ती सहा-सहा तास. फ्रीज नुसतं कपाट होतं. दार उघडलं तर आतला दिवा नाही, पण डबा उचलून वास घेतो, "चांगलं आहे की" म्हणतो. लिस्टेरिया असला तरी वास येत नाही, चव बदलत नाही.

कॅनडातली गोष्ट सांगतो, म्हणजे फ्रीजचा मुद्दा पटेल. १९८१ मध्ये तिथे एका साथीत ४१ रुग्ण झाले, बहुतेक गरोदर बाया आणि नवजात बाळं. शोध घेतला तर कारण निघालं कोबीची कोशिंबीर. एका शेतकऱ्याने कोबीला मेंढ्यांचं कच्चं खत घातलं होतं, त्याच्या मेंढ्या याच आजाराने मेलेल्या, आणि कोबी हिवाळाभर थंड गोदामात ठेवलेला. अन्नातून हा आजार पसरतो हे तिथे पहिल्यांदा नीट सिद्ध झालं. कोबी, मेंढीखत आणि कोल्ड स्टोरेज! नाशिक जिल्ह्यात यातलं काय नाही? आपल्याकडे तर शेतात मेंढ्या बसवायला पैसे देतो. खत चांगलं कुजवा, आणि भाजी कच्ची खायची असेल तर वाहत्या पाण्याखाली पानं सुटी करून धुवा. कोथिंबीर जुडीसकट पाण्यात बुचकळणं म्हणजे धुणं नव्हे. गरोदर बाईला नऊ महिने कोशिंबिरीऐवजी शिजवलेली भाजी दिली तरी काही बिघडत नाही.

कच्च्या मोडांचं तर आणखीच. 'पौष्टिक' म्हणून कच्ची मोड आलेली मटकी, मूग, लिंबू पिळून, असा सल्ला गरोदर बायकांना सर्रास मिळतो. मोड काढायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई-कोलायची साथ आली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. मटकी शिजवून द्या. मिसळ खायची असेल तर घरची, उकळती तर्री घालून. (मिसळीवर बंदी घातली तर नाशिककर मला गावात ठेवणार नाहीत, म्हणून खुलासा.) पाणीपुरीचं पाणी, रस्त्यावरचा बर्फ, सिग्नलवरचं कापून ठेवलेलं कलिंगड मात्र नकोच. पावसाळ्यात तर टायफॉइडही त्याच वाटेने येतो आणि गरोदरपणात जिवावर उठणारी ई प्रकारची कावीळही.

शिळं खायचंच असेल, आणि गरिबाघरी टाकून देता येत नाही हे मलाही कळतं, तर नियम फार नाहीत. शिजवल्यापासून दोन तासांत फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी संपवायचं. खाताना नुसतं कोमट नाही, वाफा येईपर्यंत, आतपर्यंत चटका बसेल असं गरम. एकदाच गरम, पुन्हा पुन्हा नाही. रात्रभर ओट्यावर उघडा राहिलेला भात मात्र फोडणी देऊनही तिला देऊ नका. त्यात दुसराच एक जंतू विष तयार करतो आणि ते विष फोडणीने जात नाही. आणि हे सगळं करण्यापेक्षा सोपी गोष्ट म्हणजे तिला आधी वाढा. गरम आहे तेव्हा. उरलेलं बाकीच्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही खाऊ. आपल्याला काही होत नाही.

हे अशक्य नाही. सरकारने हे करून दाखवलंय, तेही आपल्या सगळ्यात गरीब भागात. २०१५ पासून आदिवासी भागात अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे, म्हणजे पेठ-सुरगाण्याकडे. गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीत रोज एक वेळचं चौरस, गरम जेवण. त्या योजनेच्या पैशांबद्दल, सेविकांच्या थकलेल्या मानधनाबद्दल मी पूर्वी लिहिलंय, पुन्हाही लिहीन. पण योजनेमागचा विचार बघा : तिने तिथेच बसून, सगळ्यांसोबत, गरम खायचं. घरी डबा नेला की तो वाटला जातो आणि ती पुन्हा शेवटी खाते, हे योजना करणाऱ्याला माहीत असणार. सुरगाण्यातल्या एका अंगणवाडी ताईंनी मला सांगितलं होतं, "भाऊ, दिवसातून एकदाच का होईना, पण तिला पहिलं ताट मिळतं." तेव्हा मी ते वाक्य बातमीत घेतलं नाही, निधीचे आकडे घेतले.

आता तापाबद्दल, हे सगळ्यात महत्त्वाचं. गरोदर बाईला ताप आला, कणकण वाटली, आणि त्याचं कारण कळत नाही, तर मेडिकलमधून गोळी आणून झोपवू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे. बहुतेक वेळा दुसरंच काही निघेल, लघवीचा संसर्ग, डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड. पण डॉक्टरांना स्वतःहून सांगा : निरसं दूध प्यायली होती, बाहेरचं पनीर खाल्लं होतं, गाय गाभडली होती. आणि विचारा, रक्ताचं कल्चर करायचं का? साध्या रक्ततपासणीत लिस्टेरिया कळत नाही, कल्चरमध्ये कळतो, आणि ते अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घ्यावं लागतं. लवकर कळलं तर उपाय आहे. अँपिसिलीन, जुनं औषध, महागही नाही, बाळ वाचू शकतं. औषध डॉक्टरच ठरवतील, स्वतः आणू नका. हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न बघता निघा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. २०१६ पासून चालू आहे. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी. त्यात आणखी दोन प्रश्न घालायला पैसा लागत नाही : दूध उकळून पिता का, आणि घरात शिळं कोण खातं? दुसरा प्रश्न सासूबाई शेजारी बसलेल्या असताना विचारावा. आणि पोटात गेलेल्या प्रत्येक बाळाच्या कागदावर 'कारण अज्ञात' लिहायच्या आधी निदान आईचं रक्त आणि वार तपासायला पाठवावी. सगळीकडे सोय नाही, मान्य. जिल्हा रुग्णालयापासून सुरू करा.

आमच्या घरी सध्या काय चाललंय ते सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांना शिकवतो. दूध उकळायचं यावर आई दोन दिवस रुसली. "आम्ही काय कमी बाळंतपणं केली?" म्हणाली. मग बोलता बोलता तिनेच सांगितलं की माझ्या आधीचं एक सहाव्या महिन्यात गेलं होतं. शेहेचाळीस वर्षांत हे मला पहिल्यांदा कळलं. तेव्हा काय झालं होतं विचारलं तर म्हणाली, "ताप आला होता थोडा. कोण विचारतंय." त्या दिवसापासून दूध तीच उकळते. ताटाचं अजून पूर्ण जमलेलं नाही. भावाची बायको पहिली जेवायला बसायला लाजते, म्हणून सध्या मी आणि भाऊ तिच्यासोबत बसतो आणि आदल्या दिवशीची भाजी आम्ही घेतो.

येत्या ९ तारखेला मी सिव्हिलच्या बाह्यरुग्ण विभागाबाहेर थांबणार आहे, तिथून पुढे एफडीएच्या कार्यालयात जाऊन जंतूंच्या तपासणीचे आकडे लेखी मागणार आहे. मिळाले तर इथेच टाकतो, नाही मिळाले तर माहिती अधिकारात अर्ज करतो. तुमच्या घरात सातव्या-आठव्या महिन्यात ताप येऊन बाळ गेलं असेल आणि बोलावंसं वाटत असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. नाव-गाव कुठेही येणार नाही. आणि निफाडकडच्या त्या लग्नातली कोणी माणसं हे वाचत असतील, तर त्या दिराला माझा निरोप द्या. त्याला म्हणावं, कात्रण देणारा बातमीदार तुमच्या वहिनीला भेटू इच्छितो, त्या चालत असतील तर.